बिनशिक्क्याचं घर

१

आजीच्या बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर लावला, आणि यंत्राच्या पडद्यावर आकडा आलाच नाही. दोन अक्षरं आली. एच आणि आय.

"काय म्हणतंय ते?" आजीने विचारलं.

"हाय म्हणतंय."

"आगाऊ आहे. माझी त्याची ओळख नाही."

डॉक्टर इर्लांदा हसल्या नाहीत. रक्तातली साखर सहाशेच्या वर गेली की यंत्र मोजायचं सोडून देतं आणि ती दोन अक्षरं दाखवतं, एवढं सांगून त्यांनी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. आजी चार दिवस इस्पितळात होती. त्या चार दिवसांत मला काहीच वाटलं नाही. मी भांडी घासली, बसने गेलो, बसने आलो.

पाचव्या दिवशी, गुरुवारी, डॉक्टरांनी आजीच्या डाव्या पायाची पट्टी सोडली. तळव्यावर नाण्याएवढी जखम होती. महिन्यापूर्वी तिला खिळा लागला होता, पण लागल्याचं तिला कळलंच नव्हतं. पायांना काही कळेनासं होऊन दोन वर्षं झाली होती. फरशीवरचे रक्ताचे ठसे बघून ती माझ्यावरच ओरडली होती, की बूट पुसून घरात येत जा.

"दोन आठवडे देते," डॉक्टर म्हणाल्या. "गुरुवारी साखर दोनशेच्या आत असली आणि जखम भरायला लागलेली असली, तर पाऊल राहील. नाहीतर घोट्यापासून." हवेत त्यांनी पेनाने एक रेघ मारली. "पाच वर्षं यांची साखर एकशे साठ-सत्तर. पाच आठवड्यांत ती सहाशे होत नाही, कोणी केल्याशिवाय. यांना घरात कोण गोड घालतंय?"

खोलीत मी, मामा आणि मावशी होतो. तिघांनीही भिंतीवरच्या लसीच्या तक्त्याकडे बघितलं.

"तू शोध," डॉक्टर मला म्हणाल्या. "तू तो फार्मसीतला डॉक्टर ना?"

"मी फार्मसीच्या दारात नाचतो, मॅडम."

"तेच ते."

२

आमच्या तुलयेवाल्को गावच्या चौकात 'एल अलिव्हियो' नावाची फार्मसी आहे. तिच्या दारात डॉक्टर पान्सोन नाचतो. पान्सोन म्हणजे ढेरपोट्या. तो मी. फोमचं पोट, पांढरा कोट, टोपलीएवढं डोकं, त्याला मिशा. सरकारने कायदा केला तेव्हा बिस्किटांच्या आणि कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांवरून वाघ, ससे आणि अस्वलं हाकलून दिली, मुलं भुलतात म्हणून. देशातल्या त्या सगळ्या प्राण्यांमध्ये नोकरीत टिकलेला मी एकटाच असेन. लोक मला मूळव्याध दाखवतात. मी दाखवू नका म्हणतो, पण पोटातून आवाज बाहेर येत नाही.

त्याच कायद्याने पाकिटांवर काळे शिक्के आले. आठ कोपऱ्यांचे, जाडजूड. 'जास्त साखर'. 'जास्त मीठ'. 'जास्त कॅलरी'. एवारिस्तो मामा या शिक्क्यांचा भक्त होता.

मामा एकोणीस वर्षं तोलुकाला होता. इस्पितळाच्या पाच आठवडे आधी त्याच्या बायकोने त्याला सायकलसकट दाराबाहेर ठेवलं आणि तो आमच्याकडे आला. आल्या दिवशी त्याने आजीचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. ज्या ज्या पाकिटावर काळा शिक्का दिसला, ते उचलून कचऱ्याच्या गाडीत. बिस्किटं गेली, सुपाच्या पुड्या गेल्या, चॉकलेटची वडी गेली. माझी मिरची लावलेली चिंच गेली. ती मी गादीखाली ठेवली होती.

"हे बिनशिक्क्याचं घर आहे," मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. "एक काळा शिक्का दाखवा, मी मिशा काढतो."

दाखवता येत नव्हता. मी खरंच शोधला होता.

आणि तरी आजी इस्पितळातून घरी आल्यावर, गोळ्या चालू असताना, साखर चढतच होती. कसायाने दिलेलं कॅलेंडर भिंतीवर होतं. रोज अकरा वाजता मी आजीचं बोट टोचायचो आणि आकडा तारखेत लिहायचो. शुक्रवार, तीनशे चाळीस. शनिवार, तीनशे पंचावन्न.

"गोड बाहेरून येतंय," मामा म्हणाला. "चोरून. माझा संशय दोघांवर आहे. एक तुझी मावशी, तोमासा. दुसरा तो दुकानदार, क्रिस्पीन."

"पुरावा?"

"चेहरे बघ ना त्यांचे."

मी चेहरे बघायचं ठरवलं. माझा स्वतःचा मिशीवाल्या टोपलीत लपलेला असल्याने ते मला सोपं होतं.

३

फार्मसीच्या दारातून क्रिस्पीनकाकांचं दुकान दिसतं आणि आमचं दारही दिसतं. सोमवारी संध्याकाळी पाच वाजता मी नाचता नाचता बघितलं, की आजी काठी टेकत दुकानात गेली आणि शालीखाली काहीतरी लपवून परत आली. बाटलीचं झाकण शालीबाहेर राहिलं होतं. लाल.

मी नाच अर्ध्यावर सोडला आणि तसाच, फोमच्या पोटासकट, दुकानात शिरलो. दार अरुंद आहे. काकांनी आतून ओढलं.

"काका, आजीला कोला देता?"

"कोण विचारतंय?"

"नाबोर. पोटात मी आहे."

काका सत्तरीचे. बायको जाऊन अकरा वर्षं झालेली. केसांना इतकं तेल, की माशी बसली तर घसरावी. त्यांनी काउंटर पुसायला घेतला, जो स्वच्छच होता.

"रोज एक," ते म्हणाले. "छोटी. तीन वर्षं झाली. पैसे घेत नाही मी. फिदेन्सिया बाटली घेते आणि म्हणते, 'क्रिस्पीन, तू भला माणूस आहेस.' तेवढ्यासाठी उघडतो रे दुकान."

"तिला साखर आहे, काका."

"मला माहीत आहे. पण तिने मागितलं तर नाही म्हणायला मी काय तिचा नवरा आहे?"

रोज एक कोला. बाटलीवर दोन काळे शिक्के, ठळक. माझी केस पहिल्याच मुलाखतीत संपली होती. मी घरी धावलो. धावलो म्हणजे, गडगडलो.

आजी तिच्या खोलीत देवापुढे होती. बाटली उघडी होती. ती कोला ग्लासात ओतत होती.

"आजी, खाली ठेव!"

तिने ग्लास खाली ठेवला. आजोबांच्या फोटोपुढे. फुलाशेजारी, मेणबत्तीच्या पलीकडे.

"त्यांना आवडायचा," ती म्हणाली. "मला ढेकर येतात त्याने. आणि तू हे सोंग घालून देवापुढे काय उभा राहतोस?"

कालचा ग्लास खिडकीबाहेर कुंडीत रिकामा होत असे. कुंडीतलं जास्वंद कधीच मेलं होतं, तेही बहुधा साखरेनेच. म्हणजे तीन वर्षं क्रिस्पीनकाका ज्याला रोज एक कोला पाजत होते, तो त्यांचा प्रतिस्पर्धी होता. आणि तो मेलेला होता. आणि तरीही पुढे होता.

हे मी काकांना सांगितलं नाही. डिटेक्टिव्हलाही मर्यादा असतात.

४

तोमासा मावशी दुसऱ्या गल्लीत राहते. मंगळवारी सकाळी साडेअकराला ती आमच्या मागच्या दाराने आत शिरली, ओढणीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. मी फ्रिजच्या मागे होतो. या वेळी पोट काढून ठेवलं होतं.

"मावशी, हात वर."

"अगं आई गं!" मावशीने ओढणी सोडली. जमिनीवर एक पाव पडला. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. बोलिओ. "मेल्या, जीव गेला असता माझा! आता हा पाव मलाच खायला लागेल."

"का?"

"घाबरले ना मी!"

इथे कोणी दचकलं, अपघात बघितला, भूकंपात पळालं, की आधी बोलिओ खायला देतात. नुसता. भीती पोटात उतरू नये म्हणून. भीती पोटात उतरली तर साखर होते, हे आमच्याकडे डॉक्टर सोडून सगळ्यांना माहीत आहे.

"आजीसाठी का आणलास?"

"रोज आणते. तू अकराला बोट टोचतोस, आकडा मोठ्याने ओरडतोस. ती घाबरते. मग मी तिला पाव देते."

मी बोटांवर मोजत गेलो.

"म्हणजे साखर चढली की ती घाबरते. घाबरली की पाव. पाव खाल्ला की साखर चढते."

"आणि चढली की घाबरते," मावशी म्हणाली. "बिचारी. थांबतच नाही बघ."

"किती देतेस?"

"अर्धा. आतला मऊ भाग काढून. मी काय राक्षस आहे? रविवारी तेवढा आख्खा दिला. कोंचासुद्धा आणली होती, वर साखरेचा थर असलेला गोड पाव. दादा नव्हता ना घरी. सायकलच्या शर्यतीला चोलुलाला गेला होता, सोमवारी दुपारी आला. म्हटलं, कैद्याला एक दिवस सुट्टी."

मला ती कोंचा खटकली.

मी कॅलेंडरकडे गेलो. हे आकडे मीच लिहिले होते, माझ्याच अक्षरात, आणि एकदाही वाचले नव्हते. शनिवार, तीनशे पंचावन्न. रविवार, एकशे नव्वद. सोमवार, एकशे एक्याऐंशी. आज मंगळवार, तीनशे एक्कावन्न.

रविवारी आजीने आख्खा बोलिओ आणि कोंचा खाल्ली होती. आणि रविवारी-सोमवारीच ती सगळ्यात बरी होती.

५

मामाची मुलाखत मी बुधवारी सकाळी सहाला घेतली, कारण मामा सहाला उठून आजीची न्याहरी करतो. राजगिऱ्याची पेज, आणि सहा संत्र्यांचा रस. राजगिरा आजीचाच. चाळीस वर्षं तिने राजगिऱ्याच्या वड्या करून बाजारात विकल्या. भाजलेला राजगिरा, गुळाचा पाक, वर शेंगदाणा. अर्ध्या गावाचे दात तिने पाडले आहेत.

"मामा, रविवारी-सोमवारी तू नव्हतास."

"तेच तर!" मामाने पळी माझ्याकडे रोखली. "त्याच दिवशी त्यांनी तिला कोंबलं असणार!"

"कोंबलं. पण साखर उतरली."

"मग यंत्र बिघडलंय."

"आणि तू आल्यावर नीट झालं?"

मामाने पळी परत पातेल्यात घातली. तो पेज ढवळत होता. पेजेत गुठळ्या होत्या; त्या तो एकेक करून पळीने पातेल्याच्या कडेला दाबून फोडत होता, जसं कोणी ढेकूण मारावा. मग त्याने काचेची बरणी उघडली आणि तीन मोठे चमचे तपकिरी पूड पेजेत घातली. विचार करून चौथा.

"हे काय?"

"आल्बा व्हेर्दे. हेल्थच्या दुकानातून आणतो. पूर्णपणे नैसर्गिक. आणि बघ," त्याने फडताळातून कागदी पिशवी काढली. पुढे हिरवं पान, लाल हृदय, आणि हाताएवढी अक्षरं: साखर नाही. "आईला साखर आहे. याच्यात साखर नाही. म्हणजे जमलं. गणित आहे रे हे."

"शिक्का?"

"शोध. एकही नाही."

मी पिशवी चारी बाजूंनी फिरवली. खरंच नव्हता.

फडताळाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे होते.

"मुंग्या," मामा अभिमानाने म्हणाला. "तोमासाच्या पावाला ढुंकून विचारत नाहीत. माझ्याच बरणीला येतात. निसर्गाला निसर्ग कळतो."

मुंग्यांना वाचता येत नाही. म्हणून त्या सहसा फसत नाहीत. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण पिशवीवर शिक्का नव्हता, आणि शिक्का नाही म्हणजे साखर नाही, हे माझ्याही डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की मी पेजेचा वाडगा स्वतःच आजीपुढे नेऊन ठेवला.

अकराला आकडा आला. तीनशे ब्याण्णव. गुरुवारला आठ दिवस उरले होते, आणि पट्टीला पिवळं लागायला लागलं होतं.

६

दुपारी मी क्रिस्पीनकाकांच्या दुकानात गेलो. पुन्हा पोटासकट, कारण कोटाची चेन अडकली होती आणि ती कापली तर पगारातून कापणार होते.

"काका, तुमच्या दुकानात शिक्का नसलेलं काय काय आहे?"

"बटाटे. साबण."

"खायचं, पाकिटातलं."

आम्ही दोघांनी एकेक वस्तू फिरवून बघायला सुरुवात केली. काळा. काळा. तीन काळे. 'हलकं' असं लिहिलेला मुरांबा, मागे काळा. काकांनी तो मांडतानाच शिक्का भिंतीकडे करून ठेवला होता. "कंपनीचा माणूसच असं लावून जातो," ते म्हणाले, थोडे लाजून. 'घरगुती चव', काळा. 'सात धान्यांची ताकद', दोन काळे.

मग सगळ्यात खालच्या फळीवर मला वाकता येईना म्हणून काकांनी तिथली पिशवी काढून माझ्या फोमच्या हातात दिली. एक किलोची. मी पुढून बघितली, मागून बघितली, तळ बघितला.

तिच्यावर एकही शिक्का नव्हता.

"काका," मी म्हणालो, "ही साखर आहे."

"हो मग?"

"नुसती साखर. आणि हिच्यावर 'जास्त साखर' असं लिहिलेलं नाही."

काकांनी चष्मा लावला. मग काढला. "साखरेवर कसं लिहितील? ती साखरच आहे."

बरोबर होतं. एकाच वस्तूचं पाकीट असेल तर शिक्का नाही. साखर, मध, मीठ, तेल. ज्यात थोडी साखर लपवली आहे त्याच्यावर पाटी. जी स्वतःच साखर आहे तिला पाटी कशाला? चोराच्या घरावर 'इथे चोर येतात' असं कोण लिहितं?

मी किलोभर साखर उचलली आणि घरी निघालो. रस्त्यात दोन बायकांनी मला अडवून सांधेदुखीवर काय घेऊ विचारलं. मी थांबलो नाही. पोट आपोआप पुढे ओढत होतं. घरी येऊन आधी मामाची पिशवी पुन्हा वाचली, या वेळी शिक्का न शोधता.

७

सगळ्यांना मी स्वयंपाकघरात बसवलं. आजी खुर्चीत, डावा पाय स्टुलावर. मावशी, बोलिओ हाताशी ठेवून, न जाणो. मामा फडताळाला पाठ लावून, पहारेकऱ्यासारखा. काका दाराशी, टोपी हातात. मी मध्ये, ढेरपोट्या डॉक्टर, डोकं काखेत.

"क्रिस्पीनकाका निर्दोष आहेत," मी म्हणालो. "कोला दुसरंच कोणीतरी पितं. कोण, ते केसच्या कक्षेबाहेर आहे." आजीने माझ्याकडे बघितलं नाही. "मावशी अर्धी दोषी. तिचा पाव साखर वाढवतो, पण तो आकडा आल्यानंतर येतो. अकराचा आकडा सकाळच्या न्याहरीचा असतो. आणि रविवारी पाव आख्खा होता, कोंचा होती, तरी सोमवारी आकडा एकशे एक्याऐंशी. त्या दोन दिवसांत घरात एकच गोष्ट नव्हती."

"काय?" मावशी म्हणाली.

"मामा."

"मी?" मामा हसला. "माझ्या फडताळात एक काळा शिक्का दाखव!"

मी किलोभर साखर त्याच्या हातात दिली. "यावर दाखव."

मामाने पिशवी पुढून बघितली. मागून बघितली. तळ बघितला. मग पुन्हा पुढून. त्याला बराच वेळ लागला, आणि त्या वेळात त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"आता तुझी पिशवी आण. पुढची मोठी अक्षरं वाच."

"साखर नाही."

"त्याखालचं वाच."

"त्याखाली काही नाही. पान आहे."

"पानाचा देठ वाच."

आमच्या भाषेत विशेषण नामाच्या मागून येतं, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं. 'साखर नाही' हाताएवढं, आणि मागून येणारा शब्द देठाच्या वळणावर, मुंगीच्या पायाएवढा. मामाने पिशवी खिडकीपाशी नेली.

"रिफाइंड," तो म्हणाला. मग सगळं एकत्र, हळू: "रिफाइंड साखर नाही."

"बाकीची आहे. मागे वाच. घटक."

"उसाचा आटवलेला रस. शंभर टक्के."

"आणि शंभर ग्रॅममध्ये साखर?"

मामाने आकड्यावर बोट ठेवलं. मीच सांगितलं, "पंच्याण्णव."

"अरे, पण..." मावशीने बरणीत बोट घातलं आणि चाटलं. "दादा! हा गूळ आहे! आईच्या वड्यांतला गूळ, कुटलेला!"

"रोज चार चमचे," मी म्हणालो. "वर सहा संत्र्यांचा रस. एक संत्रं खाल्लं तर ते एक संत्रं असतं. सहा पिळली तर ते सरबत असतं."

मामा साखरेची पिशवी मांडीवर घेऊन खाली फरशीवर बसला, जसं कोणी झोपलेलं मूल घेऊन बसावं. मग उठला आणि सायकलला हवा भरायला अंगणात गेला. चाकांत हवा होती. तरी भरत राहिला.

केस सुटली होती. मला आनंद व्हायला हवा होता. चेन उसवून पोट काढलं तेव्हा आत घामाने भिजलेला मी होतो, एवढंच.

आणि मग एक गोष्ट डोक्यात आली, जी मुळीच यायला नको होती.

मी आजीच्या समोर स्टूल ओढून बसलो.

"चाळीस वर्षं गूळ आटवलास तू. डोळे मिटून वासावरून कुठल्या उसाचा ते सांगायचीस."

"हं."

"पहिल्या दिवशीच कळलं असेल तुला."

आजी पायाकडे बघत होती. स्वतःच्या, पण दुसऱ्याच्या असल्यासारखा.

"वाडगा दारातून आत आला तेव्हाच," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"एकोणीस वर्षांत त्याने मला दोनदा फोन केला. त्यातला एक चुकून लागला होता." तिने पायाची पट्टी सारखी केली. "आता सहाला उठतो. माझ्यासाठी ढवळतो. गुठळ्या होतात, तरी ढवळतो. त्याला सांगितलं असतं, की मूर्खा, हा गूळ आहे, तर उद्या तो उठला असता का?"

"पाय गेला असता, आजी."

"त्या पायाला तर काही कळतही नाही."

अंगणातून पंपाचा आवाज येत होता. फुस. फुस. मला पहिल्यांदाच काहीतरी वाटलं, पण काय ते ठरवेपर्यंत ते गेलं.

८

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी अकराला यंत्राने आकडा दाखवला. एकशे अठ्ठ्याहत्तर.

डॉक्टर इर्लांदांनी पट्टी सोडली, जखम दाबून बघितली, वास घेतला. जखम भरायला लागली होती, पण पायाची करंगळी काळी पडली होती.

"पाऊल राहील," त्या म्हणाल्या. "ही करंगळी जाईल. सोमवारी या." मग कागदावरून मान वर केली. "कोण होतं ते?"

मामा पुढे झाला. त्याने तोंड उघडलं.

"दुकानातली पिशवी होती," आजी म्हणाली. "वाचायला बारीक होती. पुढे चला."

दवाखान्याबाहेर मामाने भिंतीला टेकवलेली सायकल घेतली. हँडलला त्याची बॅग बांधलेली होती.

"मी तोलुकाला जातो, आई. खोली बघितलीय."

"उद्या शुक्रवार," आजी म्हणाली. "सकाळी मला काय करून घालणार आहेस?"

"मला पेजेशिवाय काही येत नाही."

"निवडुंगाची भाजी येते?"

"नाही."

"शीक. कांदा, टोमॅटो, निवडुंग. काही लिहिलेलं नसतं त्याच्यावर."

मंडईत बायका निवडुंगाची पानं साफ करून, चिरून, पिशवीत भरून देतात. मामाने साफ न केलेली घेतली. ताजी म्हणून. पाच पानं, उघड्या हाताने, सायकलच्या टोपलीत टाकायला गेला आणि चौकात सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला. फार्मसीसमोर माझ्या जागी नाचणारा बदली डॉक्टर पान्सोनसुद्धा थांबला.

आजी काठीवर रेलून मामाच्या बोटाकडे बघत होती. काट्याच्या टोकाशी रक्ताचा थेंब फुगत होता. बराच वेळ ती त्या थेंबाकडे बघत राहिली.

"दुखलं?" तिने विचारलं.

"हो ना, आई! फार!"

"बरं झालं," आजी म्हणाली, आणि त्याचा हात हातात घेऊन काटा शोधायला लागली.